शिसवी की महोगनी? आधी वरच्या फळीचं बोला

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडचे एक गृहस्थ बरीच वर्षं कारखान्यात बनलेली, प्लायची गिटार वाजवतात. बोटांनी वाजवतात आणि सोबत गातात. आता त्यांना हाताने बनवलेली गिटार करून घ्यायची आहे. बनवणाऱ्याने पाठ आणि बाजूंसाठी दोन पर्याय दिलेत, शिसवी किंवा महोगनी, आणि शिसवीचे बरेच पैसे जास्त सांगितलेत. ते द्यावेत का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की आजोळच्या वाड्यातल्या कपाटाची जुनी फळी त्यांच्याकडे आहे, ‘शिसवीची असावी’ म्हणतात. ती गिटारला चालेल का?

पहिल्याचं उत्तर: आवाजासाठी म्हणाल तर देऊ नका. देखणेपणासाठी द्यायचे असतील तर खुशाल द्या, शिसवीइतकं देखणं लाकूड मला दुसरं माहीत नाही. पण तो खर्च वेगळ्या खात्यात लिहा. आवाजाच्या खात्यातले पैसे वरच्या फळीवर, म्हणजे टॉपवर, आणि ती तासणाऱ्या माणसाच्या वेळेवर घाला. जाहिरातींत हा क्रम नेमका उलटा दिसतो. कारण साधं आहे, पाठीचं लाकूड फोटोत छान येतं आणि टॉप सगळे सारखेच पिवळट-पांढरे दिसतात.

मी पुण्यात गिटार बनवतो आणि बनवतो त्याहून जास्त दुरुस्त करतो. दुरुस्तीला आलेली गिटार आतून बघायला मिळते, आरसा आणि दिवा घालून. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन गिटारींत आत काय काय वेगळं असतं ते तिथे कळतं. पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहितोय.

नुसती तार हवा फारशी हलवत नाही. तार थरथरते, तिच्याबरोबर ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी, डुलतो, ब्रिज टॉपवर चिकटवलेला असतो म्हणून टॉप हलतो, आणि पोटातली हवा होलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, आतबाहेर करायला लागते. ही पोटातली हवा स्वतःही एका सुरात बोलते. खात्री करायची असेल तर तारा हाताने दाबून धरा, होलजवळ तोंड नेऊन खालच्या ‘जी’ या सुराच्या आसपास, साधारण १०० हर्ट्झला, गुणगुणा. एका ठिकाणी गिटार अचानक घुमेल. तो सूर पोटाचं आकारमान, होलचा व्यास आणि टॉप-पाठ किती लवचीक आहेत यावर ठरतो. लाकूड कोणत्या नावाने विकलं गेलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

स्टीलच्या सहा तारा, नेहमीचा बारा नंबरचा सेट, मिळून ७० किलोच्या वर ओढतात. नायलॉनच्या साधारण ४० किलो. म्हणजे टॉपने एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी करायच्या असतात. एवढ्या ओढीखाली वर्षानुवर्षं वाकायचं नाही, आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने हलायचं. त्यासाठी लाकूड हलकं हवं आणि तरीही ताठ हवं. टॉपचं नेहमीचं लाकूड म्हणजे स्प्रूस. त्याचं वजन घनमीटरला ४०० किलोच्या आसपास, शिसवीच्या निम्म्याहून कमी. पण रेषांच्या दिशेने ते वजनाच्या मानाने विलक्षण ताठ असतं. रेषांना आडवं वाकवून बघा, तेच लाकूड दहापट, कधी त्याहूनही जास्त मऊ लागतं. म्हणून टॉपखाली ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, लावतात. स्टीलच्या तारांच्या गिटारींत बहुधा दोन मुख्य ब्रेस फुलीसारखे एकमेकांना छेदतात. ही रचना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रूढ झाली आणि आजही तीच चालते.

टॉप किती महत्त्वाचा हे अन्तोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ सालीच दाखवलं होतं. त्याने एक गिटार केली, तिचा टॉप नेहमीचा स्प्रूसचा आणि पाठ-बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आपल्याकडे मिरजेच्या सतारमेकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथे खाली भोपळा असतो, तो काही कोणी आवाजासाठी परदेशातून मागवत नाही. खरी मेहनत तुणाच्या लाकडाच्या तबलीवर, म्हणजे वरच्या फळीवर होते. ती कुठे जाड ठेवायची, कुठे उतरवायची, यातच तंबोरा बोलणार की कोंडणार ते ठरतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एखादा दिवस काढून तिथली गल्ली बघून या. गिटारबद्दल कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

जाडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गिटार विकताना याच्याबद्दल कोणी बोलत नाही. टॉप साधारण अडीच ते तीन मिलिमीटरचा असतो. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. म्हणजे फळी १० टक्के पातळ केली की ताठपणा २७ टक्क्यांनी उतरतो. पाव मिलिमीटर जास्त किंवा कमी, याने गिटारचा स्वभाव बदलतो, आणि पाव मिलिमीटर म्हणजे रंध्याचे दोन-चार हात. एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्यांनाही वेगळी जाडी लागते. एक २.६ ला तयार होते, दुसरी २.९ वर थांबवावी लागते. कारखान्याला प्रत्येक फळीशी असं बोलत बसणं परवडत नाही. तिथे सगळ्यांना एकच जाडी, आणि वॉरंटीत गिटार परत येऊ नये म्हणून ती थोडी जास्तच. हाताने बनवलेल्या गिटारीचे जास्त पैसे तुम्ही मुख्यतः याचे देता. फळी दोन्ही हातांत धरून लांबीत आणि रुंदीत वाकवून बघणं, टिचकी मारून ऐकणं, पुन्हा रंधा, पुन्हा टिचकी. मग ब्रेस चिकटवल्यावर पटाशीने त्यांची टोकं उतरवत जाणं. ज्याच्याकडून गिटार करून घेताय त्याला विचारा, ‘टॉपची जाडी कशी ठरवता?’ त्याने एकच आकडा फेकला तर ते उत्तर मला पुरेसं वाटणार नाही.

टॉप निवडताना वाढीच्या रेषा मोजत बसू नका. इंचात वीस रेषा म्हणजे उत्तम आणि दहा म्हणजे सुमार, असं नसतं. रुंद रेषांचे ताठ टॉप मी भरपूर पाहिलेत. बघायचं ते हे की फळीच्या कडेला रेषा उभ्या आहेत का, म्हणजे फळी ओंडक्याच्या मध्यातून बाहेर, त्रिज्येच्या दिशेने कापली आहे का. तशी असेल तर पृष्ठभागावर रेषांना आडवी रेशमी चमक दिसते. दुसरं, टॉप दोन भागांचा असतो, एकच फळी पुस्तकासारखी उघडून मधोमध जोडलेली. उजेडात धरल्यावर एक भाग उजळ आणि दुसरा काळपट दिसला, आणि फिरवून धरल्यावर उलट झालं, तर तंतू पृष्ठभागाला समांतर नाहीत, तिरके बाहेर पडताहेत. थोडं चालतं. जास्त असेल तर ताठपणा जातो आणि लाकूड ब्रिजपाशी फाटायची भीती राहते. ‘ट्रिपल ए’ वगैरे दर्जा विकणाऱ्याने स्वतः लावलेला असतो आणि तो मुख्यतः दिसण्यावर असतो.

जाती? उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा सिटका स्प्रूस सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात कमी दगा देतो. ॲडिरॉनडॅक ताठ असतो, जोरात पिकने वाजवणाऱ्यांना आवडतो, आणि महागडा. एंगलमन आणि युरोपातला स्प्रूस हलके. सीडर हा खरा वेगळा. नावाने देवदाराचा भाऊ वाटला तरी वेस्टर्न रेड सीडर त्या कुळातला नाही. वजन घनमीटरला ३७० किलोच्या आसपास, रंग तांबूस, आणि हलक्या बोटालाही लगेच उत्तर देतो. स्पेनमध्ये होसे रामिरेस तिसरे यांनी १९६० च्या दशकात शास्त्रीय गिटारींत तो रूढ केला. जोरात वाजवलं की मात्र सीडर लवकर थकतो; आवाज एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, नुसता पसरतो. नख लागलं तरी खळगा पडतो. तुम्ही बोटांनी वाजवता आणि वर गाता, म्हणजे गिटारने तुमच्या आवाजावर चढून बसायला नको. तुमच्यासाठी मी सीडर किंवा एंगलमन घेईन, आणि पोट ड्रेडनॉटचं, म्हणजे नेहमीच्या मोठ्या रुंद गिटारीचं, न ठेवता त्याहून लहान, कमरेत बारीक असं ओएम आकाराचं. या एका निर्णयाने जेवढा फरक पडेल तेवढा पाठीचं लाकूड बदलून पडणार नाही.

आता शिसवीकडे. डाल्बर्जिया लॅटिफोलिया हे झाड आपल्या सह्याद्रीतलं, खाली कर्नाटक-केरळपर्यंत. तिकडे कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठीही राखलेलं असतं. जगाच्या गिटारींत ते शिरलं ते ब्राझीलमुळे. आधी मान होता तो ब्राझीलच्या शिसवीला. ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवी घेतली आणि बाकीचे मागोमाग आले. १९९२ पासून ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या कराराखाली जवळपास बंद आहे. गंमत अशी की आज पुण्यातली पोरं अमेरिकन गिटारीच्या ‘रोजवुड’ पाठीवर हात फिरवून सुस्कारे सोडतात, आणि ते लाकूड बहुधा आपल्याच दक्षिणेतून गेलेलं असतं. २०१७ च्या जानेवारीत डाल्बर्जियाच्या बाकी सगळ्या जातीही कराराच्या दुसऱ्या, म्हणजे परवाने लागणाऱ्या यादीत गेल्या आणि गिटार घेऊन प्रवास करणाऱ्यांची पंचाईत झाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला ती सूट नाही. म्हणून बिलावर लाकडांची शास्त्रीय नावं लिहून घ्या, परदेशी जाताना कामाला येतात.

आवाजाचं बोलायचं तर शिसवीची सुटी फळी टांगून टिचकी मारली की घंटेसारखी वाजते, महोगनीची ‘ठक्’ करून थांबते. वजनही ८३० विरुद्ध ५५०-६०० किलो. या प्रयोगाने गिऱ्हाईक हमखास फसतं, कारण फरक खराच आहे. पण तो सुट्या फळीचा. पेटी बंद झाल्यावर पाठ तुमच्या पोटाला टेकते आणि घंटा तिथेच दबते. २०१८ साली लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हे नीट तपासलं. एकाच कारागिराच्या सहा गिटारी, बांधणी सारखी, फक्त पाठ-बाजू वेगळ्या: ब्राझीलची शिसवी, भारतीय शिसवी, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोड. लाकूड दिसणार नाही अशा व्यवस्थेत ५२ वादकांनी त्या वाजवून गुण दिले. गुणांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. महागड्याला जास्त आणि स्वस्ताला कमी, असंही झालं नाही. मला स्वतःला शिसवीत खर्जाची शेपूट जरा लांब ऐकू येते. पण ती मला शिसवी आहे हे माहीत असताना ऐकू येते, आणि गोम नेमकी तिथेच आहे.

म्हणून दोन्हींत निवडताना मी आवाज बाजूला ठेवून दुसऱ्या गोष्टी बघतो. महोगनी हलकी, बसून तासभर वाजवणाऱ्याच्या खांद्याला बरी, आणि हवामानात कमी हलते. शिसवी जड, देखणी; चिरायची भीती थोडी जास्त, म्हणून ती नीट वाळलेली असणं फार महत्त्वाचं. आणखी एक, फर्निचरच्या दुकानात ‘शीशम’ म्हणून जे मिळतं ते उत्तरेकडचं डाल्बर्जिया सिसू. ते सोनेरी-तपकिरी असतं, शिसवीवर जांभळट-काळी झाक असते. सिसूची गिटार वाईट होत नाही, पण ती शिसवीच्या भावात घेऊ नका.

पुण्यात गिटारीचा खरा शत्रू वेगळाच आहे. मार्च-एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. वाड्याचं दार पावसाळ्यात चौकटीत अडकतं ते याच कारणाने. गिटारचा टॉप खालच्या बाजूला ४० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो, आणि त्याच्या आत आडवेतिडवे ब्रेस चिकटलेले असतात, जे लांबीत हलत नाहीत. टॉपला आकसायचं आहे आणि ब्रेस आकसू देत नाहीत. मग तो चिरतो, बहुधा मधल्या जोडावर किंवा फ्रेटबोर्डच्या, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीच्या, कडेला. माझ्याकडे होळीनंतर अशा गिटारी यायला लागतात. सोबत तक्रार असते की फ्रेटची, म्हणजे त्या पट्टीतल्या धातूच्या आडव्या काड्यांची, टोकं बोटांना टोचतात. फ्रेट वाढलेले नसतात, फ्रेटबोर्ड आकसलेला असतो. जुलैत उलटं, टॉप फुगून वर येतो, तारा उंच होतात आणि लोकांना वाटतं नेक, म्हणजे गिटारची मान, वाकली.

यावर इलाज बनवतानाच करावा लागतो. ब्रेस चिकटवायच्या वेळी कार्यशाळेची हवा ४५-५० टक्के आर्द्रतेला असली पाहिजे, आणि लाकूड त्या हवेत आधी बरेच दिवस बसलेलं पाहिजे. भर पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ब्रेस चिकटवलेली गिटार पहिल्या उन्हाळ्यातच हिशेब मागते, मग टॉप कितीही महागडा असो. तुमच्या कारागिराकडे जाल तेव्हा भिंतीवर आर्द्रतामापक शोधा. नसेल तर चहा पिऊन परत या. असेल तर लाकूड कुठे आणि किती काळ वाळवलं ते विचारा. चांगला माणूस या प्रश्नाने खूश होतो आणि तुम्हाला फळ्या काढून दाखवत बसतो. घरी आणल्यावर ती केसमध्येच ठेवा आणि आत छोटा आर्द्रतामापक टाका. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवला तरी काम होतं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीच नको, तिथल्या तापमानाला डिंक सैल पडतो आणि ब्रिज उचलला जातो.

बाकीच्या लाकडांचं थोडक्यात. नेकला महोगनी सर्वांत निर्धास्त. सरळ रेषा, तासायला सोपी, पीळ खात नाही. फ्रेटबोर्डला आबनूस किंवा शिसवी. ब्रिजला मी आबनुसापेक्षा शिसवी पसंत करतो, कारण आबनूस पाण्यात बुडेल इतका जड असतो आणि ब्रिजचं वजन टॉपला उचलावं लागतं. सॅडल आणि नट, म्हणजे तारा दोन्ही टोकांना ज्यांवर टेकतात त्या छोट्या पट्ट्या, हाडाचे घ्या. फिनिशला लाखेचं हाताने केलेलं पॉलिश सर्वांत पातळ बसतं, पण घामाने आणि सॅनिटायझरने खराब होतं. तुमचा हात घामट असेल तर नायट्रोसेल्युलोज लॅकर बरं. जाड पॉलियुरेथेनचा काचेसारखा थर मात्र सीडरवर नको, चांगल्या टॉपला ब्लँकेट पांघरून काय मिळणार?

आता वाड्याची फळी. पहिली शंका अशी की ती शिसवीची नसून सागवानाची असेल. पुण्यातल्या वाड्यांत खांब-तुळयांपासून कपाटांपर्यंत बहुतेक काम सागवानाचं आहे, आणि शंभर वर्षांच्या काजळी-पॉलिशखाली दोन्ही सारखीच काळी दिसतात. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा कोपऱ्यात, रंध्याचा एक हात मारा. आतून सोनेरी-तपकिरी निघालं, हाताला जरासं तेलकट लागलं आणि चामड्यासारखा वास आला तर साग. जांभळट झाक आणि हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा जास्त वजन लागलं तर शिसवी असण्याची शक्यता आहे.

साग निघाला म्हणून हिरमुसू नका. सागाची पाठ चांगली होते, वजनाला महोगनी आणि शिसवीच्या मधे. तेलामुळे डिंक धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी लगेच ताजा पृष्ठभाग काढून ॲसिटोनने पुसावा लागतो. आणि त्यात वाळूचा अंश, सिलिका, असल्यामुळे हत्यारांची धार पटापट जाते. कारागिराने त्याबद्दल कुरकुर केली तर ती खरी समजा. जुन्या लाकडाचा मोठा फायदा म्हणजे इतके उन्हाळे-पावसाळे सोसून ते शांत झालेलं असतं. नवी फळी तेवढी थांबवून ठेवणं कोणालाच परवडत नाही.

मापाचं गणित मात्र कडक आहे. पाठीच्या प्रत्येक अर्ध्या भागाला साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ५५ लांब तुकडा लागतो, प्रत्येक बाजूला १२ बाय ८० सेंटिमीटरची पट्टी. फळी इंचभर जाड असेल तर ती उभी चिरून त्यातून तीन-चार पातळ पाने निघतात, म्हणजे रुंदी-लांबी असेल तर एका फळीत काम भागू शकतं. रुंदी कमी पडली तर तीन तुकड्यांची पाठ करता येते, दिसायलाही छान दिसते. रेषा उभ्या नसतील, गाठ असेल किंवा वाळवीची भोकं असतील तर पाठीचा नाद सोडा. शिसवी असेल तर तिच्यातून फ्रेटबोर्ड आणि ब्रिज काढून घ्या. फ्रेटबोर्डला ५० बाय ६ सेंटिमीटरचा निर्दोष तुकडा पुरतो, आणि वाड्याचं लाकूड रोज बोटाखाली येईल ते तिथेच.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फळी चिरून मिळते, पण कारागिराला दाखवल्याशिवाय तिकडे नेऊ नका. करवतवाला सोयीच्या बाजूने चिरेल आणि रेषा आडव्या पडतील, मग काही उपयोग नाही. पॉलिश खरवडू नका, खिळेही उपटू नका. मोडलेला खिळा आत राहिला तर पात्याचा चुराडा होतो, आणि कारागीर लोहचुंबक फिरवून ते आधी शोधतो. फळी कपाटाच्या दाराची असेल तर जोडीचं दुसरं दार अजून आजोळी आहे का ते विचारून बघा. दोन्ही एकाच ओंडक्यातली निघाली तर पाठीचे दोन भाग जुळवून घेता येतील.